'आढळला नाही' लिहिलेला रिपोर्ट आणि पारा मोजणाऱ्या लॅबचं जाळं

काचपात्र (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात पाणी-माती-अन्न तपासणाऱ्या एका लॅबमध्ये २२ वर्षं काढली. परवा एक किस्सा झाला तो पोटात राहत नाहीये म्हणून लिहितो.

खाडीवरच्या एका ओळखीच्या माणसाने विचारलं की आमच्या माशात पारा आहे का बघून द्या. म्हटलं बघूच. एकच मासा घेतला, काटे काढले, मिक्सरमधून एकजीव करून घेतला, तीन पुड्या केल्या आणि तीन वेगवेगळ्या लॅबला पाठवल्या (नावं विचारू नका, सांगणार नाही). एकीचा रिपोर्ट आला 'आढळला नाही'. दुसरीचा मर्यादेच्या बराच खाली. तिसरीचा मर्यादेच्या वर! मासा एक, मिक्सर एक, उत्तरं तीन. तिन्ही रिपोर्टवर शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. आता त्या माणसाला मी काय सांगू?

तर मुद्दा असा की पारा मोजणाऱ्या लॅब सुट्या सुट्या उभ्या करून काही होत नाही, त्यांचं आपसात जाळं पाहिजे, म्हणजे एकाच सॅम्पलचं उत्तर चिपळूणला, नागपूरला आणि पणजीला सारखंच आलं पाहिजे. पाऱ्याला आळा घालायचा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार भारताने २०१८ मध्ये मंजूर केला, त्यात देखरेखीसाठी सहकार्य करा असं लिहिलेलंच आहे. पण देखरेख करायची म्हणजे शेवटी कुणाच्या तरी टेबलावर बाटली येते, आणि खरी गंमत तिथेच आहे. या विषयात काम करणारे कुणी इथे असतील तर लिहा.

बांगडाप्रेमी
पहिला! बाकी राहू दे, सुरमई खायची की नाही तेवढं सांगा, रविवार जवळ आलाय.

उपरोधपंत
जाळं म्हणजे काय हो, वर्षातून दोन मीटिंगा, एक फोल्डर, एक पेन, चहा आणि काजू-बिस्कीट. असली जाळी बरीच बघितलीत. नेटवर्कचा लोगो आधी तयार होतो, सॅम्पल मग कधीतरी.

काचपात्र
पंत, लोगोच्या बाबतीत सहमत :) पण थोडं थांबा, येतो त्यावर.

बांगडाप्रेमी, तुमच्या आयडीतच उत्तर आहे. छोटे आणि कमी जगणारे मासे, बांगडा, तारली, मांदेली, यांच्यात पारा कमी साठतो. मोठे शिकारी मासे, म्हणजे मुशी, कुपा, तलवार मासा, यांच्यात जास्त, कारण ते आयुष्यभर बाकीच्यांना खात असतात आणि प्रत्येकाच्या अंगातला मिथाइल पारा (पाऱ्याचं अंगात साठणारं सेंद्रिय रूप) यांच्या अंगात जमा होत जातो. पाण्यापेक्षा माशात तो लाखो पटींनी जास्त असू शकतो. सुरमई मधली, आकार बघून ठरवा.

आणि 'आढळला नाही' हे प्रकरण काय ते इथेच सांगतो. पिण्याच्या पाण्यात आपली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे १००० नॅनोग्रॅम. आता एखाद्या लॅबचं मशीन त्याच्या आसपासच दिसायला लागतं असं धरा. पावसाच्या पाण्यात पारा असतो साधारण ५ ते २० नॅनोग्रॅम, उघड्या समुद्रात तर १ नॅनोग्रॅमच्याही खाली. म्हणजे ही लॅब पाऊस तपासो, नदी तपासो, समुद्र तपासो, जन्मभर 'आढळला नाही' असंच लिहीत बसणार आणि तिने खोटं काहीच लिहिलेलं नसणार. त्या दोन शब्दांच्या शेजारी 'किती पर्यंत दिसतं' तो आकडा नसेल तर रिपोर्ट वाचूच नका.

तायपेकर
धागा आवडला. मी तैवानमध्ये आहे, वातावरणातल्या पाऱ्यावर काम करत नाही पण शेजारच्या ग्रुपचं चालतं ते रोज बघतो, त्यामुळे थोडं लिहू शकतो.

इथे आशिया-पॅसिफिक मर्क्युरी मॉनिटरिंग नेटवर्क म्हणून आहे. थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशिया अशा देशांत पावसाचं पाणी गोळा करतात आणि तपासायला इथल्या नॅशनल सेंट्रल युनिव्हर्सिटीच्या लॅबला येतं. हे मॉडेल मुळात अमेरिकेचं, तिकडे १९९६ पासून मर्क्युरी डिपॉझिशन नेटवर्क चालू आहे, दर मंगळवारी माणूस जातो, बाटली बदलतो, कुरियर करतो. बाटलीत आधीच थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलेलं असतं म्हणजे पारा भिंतीला चिकटत नाही की उडून जात नाही. फनेल काचेचं. बाटली बदलणारा माणूस सायंटिस्ट असायची गरज नसते, पण त्याने ती त्याच पद्धतीने दर आठवड्याला बदलली पाहिजे.

फायदा असा की सगळे आकडे एकाच मशीनवरचे, त्यामुळे एकमेकांशी ताडून बघता येतात. तोटा असा की बाटल्या कस्टममध्ये अडकतात आणि ज्या देशातून सॅम्पल येतं तिथल्या पोरांना मशीनला हात लावायला मिळत नाही.

युरोपने २०१० ते २०१५ मध्ये जीएमओएस नावाचं जगभरचं जाळं केलं होतं, इटलीच्या सीएनआर संस्थेने चालवलेलं, त्यात वेगवेगळ्या देशातल्या केंद्रांवर हवेतला पारा मोजायची एकच पद्धत ठरवून दिली. त्यातलं एक केंद्र आपल्या कोडाईकनालला होतं.

वाचनखूण
कोडाईकनाल म्हणजे तेच ना, थर्मामीटरची फॅक्टरी? २००१ मध्ये बंद झाली ती?

तायपेकर
हो तेच गाव. फॅक्टरी मुळात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातून उचलून १९८० च्या दशकात तिथे आणली होती. पारा लागलेल्या काचेचा ढीग गावातल्या भंगारवाल्याकडे सापडला आणि बोभाटा झाला. २००३ मध्ये २९० टन कचरा जहाजाने परत अमेरिकेला गेला. कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं.

काचपात्र
कोडाईकनालवरून आठवलं. हैदराबादला भाभा अणुसंशोधन केंद्राची एक लॅब आहे, पदार्थात अगदी सूक्ष्म प्रमाणात काय आहे ते शोधणारी. तिथल्या लोकांनी कोडाईकनालच्या झाडांवरचं शेवाळ आणि दगडफूल तपासून हवेत किती पारा पसरला होता त्याचा माग काढला. दगडफूल! आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच कुळ. त्याला मुळं नाहीत, जे काय घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून, त्यामुळे फॅक्टरी बंद झाल्यावरसुद्धा हिशोब त्याच्या अंगावर लिहिलेला राहतो. फुकटचा सॅम्पलर, वीज लागत नाही, कुणी चोरून नेत नाही.

सुगरण_नाशिक
बापरे, आता मसाला करताना हेच आठवणार.

काचपात्र
ताई, बाजारातलं दगडफूल डोंगरातून येतं, घाबरू नका. फॅक्टरीच्या कुंपणावरचं खरवडून घालू नका म्हणजे झालं.

चंद्रपुरी_उन्हाळा
आमच्याकडे २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, कोळशात पारा असतो हे शाळेत कुणी सांगितलं नाही, फक्त राख आणि धूर माहीत. २०१५ च्या नियमात चिमणीतून घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा जाऊ नये असं आहे ना? ते मोजतं कोण? आणि एक, प्रदूषण मंडळाची लॅब चंद्रपूरला आहे, मग वेगळं जाळं कशाला?

काचपात्र
बरोबर प्रश्न. मंडळाची मध्यवर्ती लॅब महापेला आणि विभागीय लॅब नागपूर, पुणे, नाशिक, ठाणे, चिपळूण, चंद्रपूर वगैरे ठिकाणी, म्हणजे खांब उभे आहेतच, नागपूरला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञान संस्था आहे. मला नवीन इमारत नकोच आहे. मला हवंय ते असं की यांनी आपसात सॅम्पल अदलाबदल करून, नाव झाकून, उत्तरं टेबलावर ठेवावीत.

चिमणीचं म्हणाल तर पारा तिथे तीन रूपांत असतो. राखेच्या कणाला चिकटलेला, तो राखेबरोबर पकडला जातो. पाण्यात विरघळणारा, तो गंधक काढायचं एफजीडी यंत्र असेल तर त्यात बराचसा धुतला जातो. आणि तिसरा शुद्ध वाफ, तो कुणालाच दाद देत नाही, हवेत महिनोन्‌महिने फिरतो आणि कुठल्या कुठे जाऊन पडतो. २०२५ मध्ये बऱ्याच केंद्रांना एफजीडीची सक्ती माफ झाली, तेव्हा चर्चा सगळी गंधकाचीच झाली, पाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. चिमणीवर मोजलं तर उत्तर कंपनीकडे राहतं, आसपासच्या तलावातला मासा आणि चाळीस किलोमीटरवरचा पाऊस मोजला तर ते सगळ्यांचं.

रसशाळा
विषय निघालाच आहे तर, आयुर्वेदात पारद शेकडो वर्षं वापरतात, शोधन-मारण करून. दर वेळी त्यालाच झोडपू नये एवढंच.

स्टेथोस्कोप
झोडपत नाही हो, पण मोजायला हरकत काय? मी किडनीवाल्यांच्या वॉर्डात काम करते. केरळात मलप्पुरमच्या डॉक्टरांना २०२१ ते २०२३ या काळात किडनीचे एकाच प्रकारचे पेशंट सारखे दिसायला लागले, विचारता विचारता निघालं काय, तर गोरं करायच्या क्रीम, आणि क्रीममध्ये पारा. पेशंट ॲलोपथीचा की आयुर्वेदाचा की ब्युटीपार्लरचा हे रक्ताला कळत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. संशय आला की रक्त आणि लघवी पाठवायची कुठे? गेलं तर मुंबईला, रिपोर्ट यायला किती दिवस देव जाणे, आणि क्रीमची डबी तपासायला तर कुणीच घेत नाही. डबी तपासून घेण्यासाठी तीन ठिकाणी हात जोडलेत मी. काचपात्र, तुमच्या जाळ्यात आमची डबी बसते का?

काचपात्र
बसलीच पाहिजे. तापवून पाऱ्याची वाफ काढणारी मशीन आहेत ना, त्यांना मासा, माती, केस, क्रीम काहीही चालतं. चिमूटभर वजन करून बोटीत (छोटी धातूची वाटी, तिला बोटच म्हणतात) ठेवायचं, मशीन ते जाळतं, पारा सोन्यावर धरून ठेवतं, मग सोनं तापवून एकदम सोडतं आणि मोजतं. काही मिनिटांचं काम.

अवांतर: आमच्या लहानपणी झारेकरी यायचे, सोनाराच्या दुकानासमोरची धूळ-गाळ गोळा करून धुवायचे. त्यात सोन्याचे कण पकडायला पारा. आणि इथे मशीनमध्ये पारा पकडायला सोनं. मी पहिल्यांदा मशीन उघडून बघितलं तेव्हा हेच आठवलं.

माईसाहेब
अवांतरात माझं एक. आमच्या सासूबाई गव्हाच्या कोठीत पाऱ्याच्या गोळ्या ठेवायच्या, कपड्याच्या पुरचुंडीत, कीड लागू नये म्हणून. अजून मिळतात त्या बाजारात. हे धोक्याचं आहे का?

स्टेथोस्कोप
काकू, काढून टाका. पुरचुंडी फाटली, गोळी फुटली की धान्यातच. कडुलिंबाचा पाला ठेवा त्यापेक्षा. आणि गोळ्या ओल्या-सुक्या कचऱ्यात नका टाकू, बंद काचेच्या बरणीत ठेवा आणि घातक कचरा कुठे घेतात ते महापालिकेला विचारा.

उपरोधपंत
धागा मिनामाटाहून निघाला, गव्हाच्या कोठीत शिरला. छान. पण मूळ प्रश्न तसाच. मशीन आहे, माणूस आहे, शिक्का आहे, मग तीन उत्तरं का आली? मशीन खोटं बोलतं?

काचपात्र
पंत, आता खरं बोलतो, आमच्या धंद्याची लाज आहे थोडी.

पाण्याच्या प्रत्येक लॅबमध्ये सीओडी नावाची टेस्ट रोज होते, सांडपाण्यात किती घाण आहे ते बघायची. तिच्यात क्लोराइड दाबायला काय घालतात माहितीये? मर्क्युरिक सल्फेट. म्हणजे पाऱ्याचं मीठ, चमच्याने. अमोनियासाठी जुना नेसलर रिएजंट, त्यातही पारा. ज्या टेबलावर सकाळी सीओडी लागलंय त्याच टेबलावर दुपारी एक पोरगा नॅनोग्रॅममध्ये पारा मोजायला बसतो, त्याच सिंकमध्ये काचेची भांडी धुतलेली, वर भिंतीवर जुना पाऱ्याचा थर्मामीटर, कपाटात फुटलेल्या थर्मामीटरचा कचरा कुणी काढलाय की नाही माहीत नाही. मग पाऱ्याचं काय, हवेत आहेच, ब्लँक, म्हणजे सॅम्पल न घालता केलेली कोरी चाचणी, तीसुद्धा पारा दाखवते. काहीजण ब्लँक वजा करतात, काहीजण ब्लँक लावतच नाहीत. आधीच्या सॅम्पलमध्ये जास्त पारा असेल तर तो नळीत चिकटून बसतो आणि पुढच्या गरीब सॅम्पलच्या नावावर जमा होतो. सॅम्पल प्लॅस्टिकच्या साध्या बाटलीत आलं असेल तर भिंतीतून आरपार जा-ये चालू. यात मशीन कुठेच चुकत नाही.

पाण्याचं सॅम्पल घ्यायची नीट पद्धत म्हणजे दोन माणसं लागतात, एक 'स्वच्छ हात' एक 'घाण हात'. बाटली दोन पिशव्यांत. बाहेरची पिशवी घाण हातवाला उघडतो, आतली पिशवी आणि बाटली स्वच्छ हातवाला, बोट चालवणं, दोरी सांभाळणं सगळं घाण हातवाल्याने करायचं, स्वच्छ हातवाल्याने आतली पिशवी आणि बाटली सोडून कशालाही हात लावायचा नाही. आमच्याकडे सोवळ्यातला स्वयंपाक बघितलेल्या माणसाला हे एका मिनिटात समजतं, बाकीच्यांना ट्रेनिंग द्यावं लागतं :)

आणि प्रत्येक बॅचला एक ओळखीचं सॅम्पल चालवायचं, ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं. कॅनडाच्या एनआरसी या सरकारी संशोधन संस्थेची माशाची पावडर असते, उदाहरणार्थ डॉर्म-४, त्यात पारा किलोला ०.४१२ मिलिग्रॅम. तुमच्या मशीनने तिथे ०.२ दाखवलं तर बाकीचा दिवस घरी जा.

दर्याची_लेक
सगळं वाचलं. मी कोळीवाड्यातली आहे, आई अजून बाजारात बसते. तुम्ही सगळे मोजा मोजा म्हणताय ते ठीक, पण एकदा पेपरात आलं की 'खाडीच्या माशात पारा' तर आठवडाभर आमच्या पाटीला कुणी हात लावत नाही, मग ती मांदेली असो की काय असो. सोडणारा कारखाना बाजूला राहतो आणि मार आम्हाला. तुमचं जाळं आम्हाला विचारणार का? की सॅम्पल फुकट घेऊन जाणार आणि रिपोर्ट दाखवणार पण नाही? आधी असं झालंय म्हणून विचारते.

काचपात्र
ताई, तुमचा राग रास्त आहे. तुमच्यासारख्यांना रिपोर्ट सगळ्यात आधी मिळाला पाहिजे, पेपरच्या आधी, आणि माशाच्या जातीप्रमाणे, आकाराप्रमाणे. 'खाडीतला मासा' असं सरसकट लिहिणाऱ्याला सॅम्पलच देऊ नका. उल्हास आणि ठाण्याच्या खाडीच्या गाळातला पारा समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्राने वर्षानुवर्षं मोजलाय, जुन्या कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत पाऱ्याचे सेल होते, ते बदलून मेम्ब्रेनचे बिनपाऱ्याचे सेल आले आणि गाळाच्या वरच्या थरांत पारा कमी होत गेलेला दिसला. म्हणजे नीट, सलग मोजलं तर चांगली बातमीसुद्धा मिळते. ती बातमी बाजारात तुमच्याच कामाची आहे.

वाचनखूण
ताईंच्या प्रतिसादाला +१. आणि मिनामाटामध्ये काय झालं होतं ते कुणीतरी लिहा, नुसतं नाव येतंय.

तायपेकर
लिहितो, कारण ताईंच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. जपानमधलं कोळ्यांचं गाव, चिस्सो कंपनीचा कारखाना. १ मे १९५६ ला कारखान्याच्याच दवाखान्याने आरोग्य खात्याला कळवलं की अनोळखी मेंदूचा आजार आलाय. दवाखान्याचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा. कुमामोतो विद्यापीठाने १९५९ च्या जुलैत सेंद्रिय पाऱ्यावर बोट ठेवलं. इकडे होसोकावा मांजरांना कारखान्याचं सांडपाणी जेवणात घालून बघत होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ४०० नंबरचं मांजर तसंच झटके देऊन कोसळलं. कंपनीने निकाल बाहेर येऊ दिला नाही. पाऱ्याचं ते पाणी समुद्रात, तिथून माशात आणि मासे खाणाऱ्यांत जात राहिलं ते १९६८ पर्यंत! होसोकावांनी साक्ष दिली १९७० मध्ये, दवाखान्यातल्या खाटेवरून, आणि त्याच वर्षी ते गेले.

म्हणजे लॅब होती, माणूस प्रामाणिक होता, उत्तरही बरोबर होतं. फक्त ते उत्तर दुसऱ्या कुठल्याच लॅबकडे नव्हतं.

उपरोधपंत
ह्म्म. यावर उपरोध सुचत नाहीये.

चंद्रपुरी_उन्हाळा
अगदी. काचपात्र, मग बाटल्या एका मध्यवर्ती लॅबला पाठवायच्या की गावोगावी मोजायचं? तुमचं मत सांगा ना सरळ.

काचपात्र
माझं मत, पटलं नाही तर भांडा. जिल्ह्याच्या लॅबनेच मोजावं, कारण पोरं तिथेच शिकतात आणि लोक तिथेच जाऊन विचारू शकतात. पण दर दहातलं एक सॅम्पल अर्धं करून दुसऱ्या लॅबला, कुठलं ते आधी न सांगता. वर्षातून दोनदा सगळ्यांना एकच अनोळखी पावडर. त्यात गुण मिळतात, झेड-स्कोअर म्हणतात, ठरलेल्या उत्तरापासून तुम्ही किती लांब: २ च्या आत असलात तर ठीक, २ ते ३ म्हणजे गडबड आहे शोधा, ३ च्या पुढे नापास. हे आजही होतं, एनएबीएलचं (लॅबना मान्यता देणाऱ्या मंडळाचं) प्रमाणपत्र टिकवायला करावंच लागतं, पण निकाल प्रत्येकाच्या फायलीत. नापास झालेल्याचं नाव छापा असं मी म्हणत नाही, पण शेजारच्या लॅबने फोन करून 'अरे तुझा ब्लँक दाखव' म्हणायची सोय पाहिजे. आणि गिऱ्हाइकाने रिपोर्ट घेताना विचारावं, तुमच्या प्रमाणपत्राच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता मिळालेल्या तपासण्यांच्या यादीत, 'माशातला पारा' आहे का, की नुसताच पाण्यातला?

आणि सुरुवात माणसाच्या केसांपासून करावी. फ्रीज नको, बाटली नको, डोक्याच्या मागच्या बाजूची बारीकशी बट मुळाशी कापायची, मुळाकडची बाजू चिठ्ठीवर बाण काढून दाखवायची आणि कागदी पाकिटात पोस्टाने. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तीन सेंटिमीटरमध्ये तीन महिन्यांचं मासे खाणं लिहिलेलं असतं.

बांगडाप्रेमी
टकल्यांनी काय करायचं?

स्टेथोस्कोप
रक्त द्यायचं :)

गोंयकार_७
मी गोव्यात एका छोट्या फूड लॅबमध्ये आहे, आमच्याकडे तापवायचं मशीन आहे. मीटिंग-बिटिंग नको, आपणच करू ना एकदा, तीन-चार लॅबवाले इथेच दिसतायत. एकच पावडर सगळ्यांनी चालवू. सुके बोंबील घेऊ का? स्वस्त पडतील.

काचपात्र
वा भाऊ, लगेच करू. फक्त बोंबील नको. छोटा मासा, पारा कमी, निम्म्या लॅब 'आढळला नाही' लिहून मोकळ्या होतील आणि पुन्हा आपण जिथे होतो तिथेच. सुकी मुशी घ्या, मोठ्या माशाची. नीट कोरडी करा, दळा, बारीक चाळणीने चाळा, चाळणीवर राहिलेलं परत दळा, टाकून द्यायचं नाही. मग सगळं एकत्र करून बराच वेळ घोळवा आणि दहा बाटल्या भरा. त्यातल्या कुठल्याही तीन बाटल्या तुम्हीच दोनदा-दोनदा चालवा, आपसात जमलं तरच बाकीच्या पाठवा, नाहीतर भांडण पावडरचं की लॅबचं ते कळायचं नाही.

चंद्रपुरी_उन्हाळा
एक बाटली इकडे पाठवा. ओळखीचा एक पोरगा लॅबमध्ये आहे, त्याला न सांगता देतो.

दर्याची_लेक
मुशी मी देते. कुठल्या बोटीची, कुठल्या तारखेची, केवढी लांब, सगळं लिहून देते. रिपोर्ट आधी मला.

काचपात्र
ठरलं ताई, आधी तुम्हाला. गोंयकार, बाटल्या नव्या काचेच्या, ॲसिडने धुतलेल्या. लोणच्याच्या धुऊन वापरल्या तर मला वासावरून कळतं, आधीच सांगून ठेवतो.